चोरांच्या भाषेतली भाकरी

"आजोबा, तुम्हांला चोरांची भाषा येते का?"

गेल्या मे महिन्याची गोष्ट. दुपारची झोप आटोपून मी ओटीवर येऊन बसलो होतो. मुलीचा मुलगा सुटीत आठ दिवसांसाठी मुंबईहून वसईला, आमच्या वाडीत, राहावयास आला होता. वय वर्षे चौदा. हातात वही, कानामागे पेन्सिल. पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या माणसाला कुणी असा प्रश्न विचारील असे मला कधी वाटले नव्हते. मी थोडा चपापलोच. मग त्याने सगळा उलगडा केला.

तो आणि त्याचे चार मित्र एक खेळ खेळतात. खेळाचे नाव 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. या खेळात पट नसला तरी चालते. एकाने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली पात्रे व्हायचे. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी धर्मगुरू. संकट आले की वीस पैलूंचा फासा टाकून निकाल लावायचा. पुढल्या वर्षी, १९७५ साली, या पात्रांत चोराची भर पडली, आणि १९७८ च्या पुस्तकात त्या चोराला स्वतःची गुप्त भाषा मिळाली. नातवाकडे होते ते २०१४ चे पुस्तक. त्यात नियम असा, की चोर साध्या बोलण्याच्या आड आपला निरोप दडवू शकतो. तो निरोप फक्त ती भाषा जाणणाऱ्यालाच कळतो. मात्र सरळ सांगायला जितका वेळ लागतो, त्याच्या चौपट वेळ असे सांगायला लागतो. याशिवाय भिंतींवर करायच्या खुणा असतात, त्या वेगळ्याच.

"नियम आहे, पण शब्द दिलेले नाहीत," नातू म्हणाला. "या खेपेला गोष्ट मी सांगणार आहे. माझ्या शहरात चोरांची मोठी टोळी आहे. मला चाळीस शब्द हवेत."

मला गंमत वाटली. मी त्याला प्रथम आमच्या लहानपणीची 'च'ची भाषा शिकवली. शब्दाच्या पहिल्या अक्षराच्या जागी 'च' घालायचा आणि ते अक्षर शेवटी न्यायचे. 'मला पाणी दे' याचे होते 'चलाम चाणीप चेद'. धाकट्या बहिणीच्या देखत आम्ही थोरली भावंडे हीत तासन्‌तास बोलत असू आणि ती रडकुंडीला येई. नातवाने दोन वाक्ये ऐकली आणि तिसरे वाक्य तो स्वतःच बोलला. "ही तर पहारेकऱ्याला पाच मिनिटांत कळेल," त्याने निकाल दिला.

मग मी त्याला करपल्लवीविषयी सांगितले. माझे आजोबा एकदा बैल घ्यायला मला बाजारात घेऊन गेले होते. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे. दोघांचे हात एकाच रुमालाखाली. तोंडाने पावसापाण्याच्या गप्पा, आणि रुमालाखाली बोटांनी किमतीची घासाघीस. आजूबाजूला पन्नास माणसे उभी, पण सौदा कितीला ठरला ते एकालाही कळले नाही. ही गोष्ट नातवाला आवडली. पण तिच्यातही एक उणीव निघाली. "हे लोक चोर कुठे होते, आजोबा?"

खरेच होते. भाषा गुप्त आहे म्हणून बोलणारा चोर ठरत नाही. हे वाक्य त्या क्षणी माझ्या मनात सहज येऊन गेले. ते आपल्याला पुढे इतके टोचणार आहे, याची कल्पना नव्हती.

नातवाचे काम हाती घेतले म्हणून मी जुनी पुस्तके धुंडाळू लागलो. या खेळातील चोरभाषा हवेतून आलेली नाही. तिचे नावच मुळी चारपाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधील भटक्यांच्या बोलीवरून घेतलेले आहे. युरोपात अशा बोलींचे शब्दकोश छापण्याची त्या काळी एक लाटच आली होती. जर्मनीत १५१० च्या सुमारास 'लिबेर व्हागातोरूम' म्हणजे 'भटक्यांचे पुस्तक' निघाले. भिकारी आणि लबाड लोक किती परींनी फसवतात याचे त्यात वर्णन होते आणि शेवटी त्यांच्या बोलीतील शब्दांची यादी होती. १५२८ साली त्याची एक आवृत्ती निघाली, तिला मार्टिन लूथर यांनी प्रस्तावना लिहिली. या बोलीत हिब्रू शब्द पुष्कळ आहेत, अर्थात ती यहुद्यांकडून आली, असे त्यांनी त्यात नोंदवले. शब्द हिब्रू होते हे खरे. पण शब्दांच्या मागोमाग एक अख्खा समाज चोरांच्या पंगतीला कसा बसवला जातो, ते या एका विधानात दिसते.

इंग्लंडमधील केंट परगण्यात टॉमस हार्मन नावाचे एक जमीनदार होते. दाराशी येणाऱ्या भटक्यांना ते खोदून खोदून प्रश्न विचारीत. त्या माहितीवरून त्यांनी लोकांना सावध करणारे पुस्तक लिहिले. त्याच्या १५६७ च्या आवृत्त्या आज उपलब्ध आहेत. त्यात शब्दांची यादी आहे आणि भटक्यांच्या नावांचीही यादी आहे. अमुक अमुक माणूस चोर, असे नाव घेऊन छापलेले.

हार्मनची शब्दांची यादी वाचायला घेतली तेव्हा माझी अपेक्षा नातवासारखीच होती. नातवाच्या वहीतले पहिले शब्द होते तलवार, विष, सोने, कुलूप, पहारेकरी. हार्मनच्या यादीत तसले शब्द आहेतच. पण दिवसाला 'लाइटमन्स' आणि रात्रीला 'डार्कमन्स' आहे. दुधाला शब्द आहे, पेंढ्याला शब्द आहे, ज्या कोठारात रात्र काढायची त्या कोठाराला शब्द आहे. 'ऑटेम' म्हणजे देऊळ. 'सॉलोमन' म्हणजे वेदी. आणि भाकरीला शब्द आहे 'पॅनम'.

या शब्दाशी मी थबकलो. 'पॅनम'चे नाते लॅटिन 'पानिस' या शब्दाशी जोडले जाते. आमच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होई. वेदीसेवक म्हणून मी अर्थ न कळता उत्तरे पाठ म्हणत असे. 'पानेम' हा शब्द तेव्हापासून कानांत आहे. त्याच लॅटिन शब्दापासून पोर्तुगीजांचा शब्द आला आणि तो आपल्या तोंडी 'पाव' झाला. म्हणजे केंटमधल्या पावसात भिजणाऱ्या भटक्याचा 'पॅनम' आणि वसईच्या भट्टीतला पाव हे चुलतभाऊ ठरतात. त्या जर्मन यादीतही भाकरीचा शब्द आहे. तो आहे हिब्रू 'लेहेम'. बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, हे आपण दर नाताळात ऐकत आलो आहोत. तोच हा लेहेम.

माणसे काय लपवत होती? काही चोऱ्या लपवल्या असतील. त्या लोकांत सगळे साधू होते असे मी म्हणणार नाही. पण ज्याला घर नाही, ज्याला गावात थारा नाही, तो दिवसभर मुख्यतः भाकरीविषयी, पावसाविषयी आणि रात्रीच्या निवाऱ्याविषयीच बोलत असणार. ऐकणारा दाराच्या आत उभा होता. त्याच्या कानाला त्यातून चोरीच तेवढी ऐकू आली.

आपल्या देशात हेच पुन्हा घडले. ठगांचा बंदोबस्त करणारे विल्यम स्लीमन यांनी १८३६ साली ठगांच्या 'रामसी' बोलीचा कोश कलकत्त्यास छापला. १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. जन्मावरून माणूस गुन्हेगार ठरू लागला. १९११ साली तो कायदा साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी विस्तारला गेला. पोलिसांकडे हजेरी द्यायची, परवानगीवाचून गाव सोडायचे नाही. सोलापूरला तर तारेच्या कुंपणाआड वसाहत होती. तिला 'सेटलमेंट' म्हणत. ग्रिअर्सनसाहेबांच्या भाषिक पाहणीचा अकरावा खंड १९२२ साली निघाला. त्यात भटक्या जमातींच्या बोली एकत्र दिल्या आहेत. त्यांतल्या काहींत शब्दाच्या आरंभीचे अक्षर बदलून किंवा नवे अक्षर जोडून शब्द झाकतात, असे तेथे दाखवले आहे. आमच्या 'च'च्या भाषेचीच ती युक्ती. पोरे खेळली तर तो खेळ, आणि पालात राहणारा बोलला तर तो पुरावा.

येथपर्यंत लिहून मी हात आखडता घेतला होता. नातवाला चाळीस शब्द पुरेसे झाले होते. पण रात्री झोप येईना. सोलापूरचे नाव निघाले आणि त्याबरोबर माझे एक जुने देणे वर आले.

१९७७ साली मी अध्यापक झालो. पहिली नेमणूक सोलापूर जिल्ह्यातील एका गावी मिळाली. शाळेचे नाव सांगत नाही. सातवीचा वर्ग माझ्याकडे होता. गावाबाहेर कैकाडी समाजाची वस्ती होती. टोपल्या, कणग्या विणणे हा त्यांचा व्यवसाय. गुन्हेगार जमातींचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, त्याला पंचवीस वर्षे उलटली होती, पण कागदावरून गेलेला कायदा गावाच्या मनातून गेला नव्हता. त्या वस्तीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता. सातवीपर्यंत पोहोचलेला त्याच्या घरातला तो पहिलाच. त्याचा आजा आयुष्यभर पोलिसांपुढे हजेरी देत आला होता. नातू रोज सकाळी माझ्यापुढे 'हजर' म्हणे.

एका दुपारी मधल्या सुटीत त्याची आई शाळेच्या कुंपणाशी आली. डोक्यावर टोपल्यांची चवड. मायलेक त्यांच्या भाषेत काही बोलले, हलक्या आवाजात. मी व्हरांड्यात उभा होतो. तिने पदराआडून काहीतरी त्याला दिले आणि ती गेली. सुटी संपल्यावर माझ्या ध्यानात आले, की मेजाच्या खणात ठेवलेली परीक्षा फी जागेवर नाही. अठ्ठेचाळीस रुपये होते. त्या काळी ती रक्कम लहान नव्हती.

मुख्याध्यापकांनी विचारले, "कुणावर संशय?" मी म्हणालो, "संशय नाही. पण तो मुलगा सुटीत आईशी त्यांच्या भाषेत बोलत होता."

एवढेच एक वाक्य. त्यातला शब्दन्‌ शब्द खरा होता. आज इतक्या वर्षांनी मी ते वाक्य उलटसुलट करून पाहतो. त्यात खोटा असा एक शब्द मला सापडत नाही, आणि तरीही माझ्या तोंडून त्याहून खोटे वाक्य कधी निघाले असेल असे वाटत नाही.

सगळ्या वर्गासमोर त्याचे दप्तर उपडे केले. काही निघाले नाही. आईला वस्तीवरून बोलावून आणले. मुख्याध्यापकांनी विचारले, "काय सांगत होतीस त्याला?" ती स्वच्छ मराठीत म्हणाली, "भाकरी इसरून आला होता. आर्धी खा म्हनलं, आर्धी बहिनीला ठेव."

बहीण तिसरीत होती. तिच्या पाटीखाली अर्धी भाकरी फडक्यात बांधलेली मिळाली.

मुख्याध्यापक म्हणाले, "एवढं सांगायला वेगळी भाषा कशाला लागते?"

ती बाई त्यांच्याकडे पाहत राहिली. तिला प्रश्नच कळला नाही असे मला त्या वेळी वाटले. आता वाटते, की प्रश्न न कळलेले आम्ही होतो. ती तिची वेगळी भाषा नव्हती. तिची भाषा तीच. आमच्याशी बोलताना ती वेगळी भाषा वापरत होती. पुढे वाचनात आले, की कैकाडी ही द्रविड कुळातली, तमिळच्या जवळची भाषा आहे. कुणीतरी चोरीसाठी जुळवलेली ती परिभाषा नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या आयांनी तीत लेकरांना जेवू घातले आहे.

पैसे कधीच मिळाले नाहीत. ती रक्कम मी पगारातून भरली. मुलगा दुसऱ्या दिवशी शाळेत आला नाही. चौथ्या दिवशी मी वस्तीवर गेलो. आईने मला घोंगडी टाकून बसवले, पाणी दिले. मुलगा आत होता, बाहेर आला नाही. "उद्या पाठवा," मी म्हणालो. तिने मान हलवली. तो आला नाही. त्याची बहीणही आली नाही. पुढल्या महिन्यात मी हजेरीपटावरून दोघांच्या नावांवर रेघ मारली.

या साऱ्यात मला सर्वांत जास्त लाजवणारी गोष्ट आणखी वेगळीच आहे. मी वसईचा, सामवेदी ख्रिस्ती. आमच्या घरची बोली कादोडी. अध्यापक विद्यालयात असताना आई मला एकदा भेटायला आली होती, घरचे पदार्थ घेऊन. आम्ही फाटकापाशी बोलत होतो. माझे सोबती ऐकून हसले. "ही कसली रे भाषा? काय ठरवताय दोघं?" असे एकाने विचारले. आईचा चेहरा उतरला. पुढल्या खेपेला ती माझ्याशी फाटकापाशी बोलली नाही. डबा हातात दिला आणि डोळ्यांनीच विचारपूस करून निघाली. आईला गप्प करणारे ते हसू मी विसरलो नव्हतो. आणि तरी दोन वर्षांनी व्हरांड्यात उभे राहून मी त्या हसणाऱ्यांच्या बाजूला गेलो.

आपण दर पवित्र आठवड्यात पेत्राचा प्रसंग ऐकतो. महायाजकाच्या अंगणात त्याला ओळखले ते त्याच्या बोलीवरून. गालीलकराची बोली लपत नाही. पेत्राने नाकारले याबद्दल आपण दरवर्षी हळहळतो. पण अंगणात त्याची बोली पकडणारी जी माणसे शेकोटीपाशी उभी होती, त्यांच्यात आपण कधी उभे होतो काय, हे मी स्वतःला अनेक वर्षे विचारले नव्हते.

लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मी ती वर्गात नेऊन मुलांना दाखवली, त्यांविषयी भरभरून बोललो. त्या मुलाविषयी मात्र बोललो नाही.

ते बोललो नातवाजवळ, सकाळी, चहा घेताना. तो बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारले, "त्याचं नाव काय होतं?" मी त्याला नाव सांगितले. येथे ते छापणार नाही. हार्मननेही नावे छापली होती.

त्या संध्याकाळी त्याचे मित्र लोकलने आले. ओटीवर खेळ मांडला. फासे खडखडू लागले. मी आत जपमाळ हाती घेऊन बसलो होतो, पण कान बाहेर होते. नातवाने गोष्टीत एक नवी बाई आणली होती. ती शहराच्या वेशीपाशी एका पोराशी हळू आवाजात बोलते. तिच्या बोलण्यातला एकच शब्द पहारेकऱ्यांना ऐकू येतो, 'पॅनम'. खेळाडूंनी ठरवायचे होते, पुढे काय करायचे. चौघांनी क्षणभरही विचार केला नाही. चोरांची भाषा, चोरांची बाई. त्यांनी तिला धरले.

रात्री मित्र गेल्यावर तो माझ्या खाटेपाशी येऊन बसला. "मी त्यांना अर्थ सांगितला नाही," तो म्हणाला. "खेळ तिथंच थांबवलाय. पुढल्या रविवारी पुन्हा सुरू होईल. ती आत्ता कोठडीत आहे. पहारेकऱ्यानं आता काय करावं, आजोबा?"

मला उत्तर सुचायला थोडा वेळ लागला.

"त्यानं तिला विचारावं, की तू काय सांगत होतीस," मी म्हणालो. "आणि ती जे सांगेल, ते खरं मानावं."

त्याने वही उघडून ते लिहून घेतले. वहीतील शब्दांची यादी त्याने पुन्हा नव्याने लिहिली होती. तलवार आता तिसऱ्या पानावर गेली होती.